पूर्वकथेचे ओझे : विज्ञान-भयपटांच्या प्रेक्षकांचा अपेक्षाभंग आणि इतिहासलेखनाचा प्रश्न

प्रस्तावना

चित्रपट हे इतिहासाचे एक साधन आहे, ही गोष्ट आता अभ्यासकांना नवी राहिलेली नाही. चित्रपटातील वेशभूषा, भाषा, सामाजिक संबंध यांचा अभ्यास विद्यापीठीय पातळीवर होत आला आहे. त्या मानाने चित्रपट पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक काय म्हणतो, याकडे फारसे लक्ष दिले गेलेले नाही. प्रेक्षक खूश झाला तर त्याची नोंद तिकीटविक्रीच्या आकड्यांत होते. तो नाराज झाला तर ती नाराजी गप्पांत विरून जाते. वास्तविक पाहता, एखाद्या समाजाने कलाकृतीकडून काय मागितले होते, हे त्याच्या कौतुकापेक्षा त्याच्या नाराजीतून अधिक स्पष्ट कळते.

प्रस्तुत लेखात ही नाराजी एका विशिष्ट कलाप्रकाराच्या संदर्भात तपासली आहे. हा प्रकार म्हणजे पूर्वकथा, अर्थात आज सर्वत्र प्रीक्वेल या नावाने ओळखली जाणारी रचना. आधी प्रसिद्ध झालेल्या कथेच्या अगोदर काय घडले, ते ती नंतर सांगते. 'द थिंग' (२०११) आणि 'प्रोमिथियस' (२०१२) हे दोन विज्ञान-भयपट आणि 'रात्रीस खेळ चाले' या मराठी भयमालिकेचे दुसरे पर्व (२०१९-२०२०) ही तीन उदाहरणे येथे विचारात घेतली आहेत. पहिल्या दोहोंनी प्रेक्षकांची मोठ्या प्रमाणावर निराशा केली, तर तिसऱ्याने महाराष्ट्रात लोकप्रियता मिळवली. या फरकाचे कारण शोधणे आणि इतिहासलेखनाशी त्याचा काय संबंध पोहोचतो ते पाहणे, हा या लेखाचा हेतू आहे.

पूर्वकथा : संकल्पना आणि परंपरा

पूर्वकथेची मूळ अडचण अशी की, तिचा शेवट प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतो. कोण मरणार, कोणते जहाज कोसळणार, कोणता वाडा ओस पडणार, हे सांगून झालेले असते. असे असताना उत्कंठा टिकावी कशी, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. तथापि भारतीय कथनपरंपरेला ही अडचण कधीच मोठी वाटलेली नाही. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला रावणाचा वध होणार हे ठाऊक असते. तरीही वैकुंठाचे द्वारपाल जय-विजय यांना मिळालेल्या शापाची कथा तो तन्मयतेने ऐकतो. हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण आणि शिशुपाल-दंतवक्र अशा तीन जन्मांची ती पूर्वकथा रावणाला लहान करीत नाही. उलट त्याच्या अंताला ती एक वेगळे नैतिक वजन देते. कर्णाच्या जन्माची कथाही याच जातीची आहे. सारांश, शेवट माहीत असणे हे निराशेचे कारण नाही.

मग निराशा कशामुळे होते? जर्मन समीक्षक हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये 'अपेक्षांचे क्षितिज' ही संकल्पना मांडली. वाचक कोणत्याही कलाकृतीकडे कोऱ्या मनाने येत नाही. आधीच्या वाचनाने त्याच्या मनात एक क्षितिज तयार झालेले असते आणि नवी कलाकृती त्या पार्श्वभूमीवर जोखली जाते. पूर्वकथेच्या बाबतीत हे क्षितिज एकाच विशिष्ट कलाकृतीने आखलेले असते. त्यामुळे प्रेक्षकाच्या अपेक्षा अत्यंत नेमक्या असतात आणि अपेक्षाभंगही तितकाच नेमका असतो.

'द थिंग' : पुराव्याशी प्रामाणिक, तरीही निष्फळ

जॉन कारपेंटर यांचा 'द थिंग' १९८२ मध्ये प्रदर्शित झाला. जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल यांच्या १९३८ मधील एका कथेवर तो आधारलेला आहे. अंटार्क्टिकावरील अमेरिकी संशोधन तळावर एक परग्रहीय जीव शिरतो. तो कोणत्याही सजीवाचे हुबेहूब रूप घेऊ शकतो, त्यामुळे तळावरील माणसांचा एकमेकांवरील विश्वास नाहीसा होतो. या चित्रपटात अमेरिकी माणसे जवळच्या नॉर्वेजियन तळावर जातात, तेव्हा तेथे सर्व जळून खाक झालेले आढळते. दारात रुतलेली कुऱ्हाड, स्वतःचा जीव घेतलेल्या माणसाचे गोठलेले प्रेत, बर्फाचा पोकळ ठोकळा आणि अर्धवट जळालेला विचित्र देह एवढेच अवशेष उरलेले असतात. तेथे काय घडले असावे याची कल्पना प्रेक्षकाने करायची असते.

२०११ मध्ये मॅथिज व्हान हेनिंगेन यांनी याच नॉर्वेजियन तळाची कथा त्याच नावाच्या चित्रपटात सांगितली. त्यांची पद्धत इतिहासकाराला जवळची वाटावी अशी होती. जुन्या चित्रपटात दिसलेला अवशेष आणि त्यामागील घटना यांची सांगड घालण्यात आली. कुऱ्हाड तेथे कशी रुतली, ठोकळा कसा रिकामा झाला, याची उत्तरे देण्यात आली. जुना चित्रपट हेलिकॉप्टरमधून होणाऱ्या कुत्र्याच्या पाठलागाने सुरू होतो आणि नवा त्याच पाठलागावर संपतो. पुराव्याशी एवढी निष्ठा क्वचितच आढळते. तरीही सुमारे ३ कोटी ८० लाख डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात त्याहून कमी उत्पन्न मिळवले.

प्रेक्षकांच्या तक्रारी प्रामुख्याने दोन होत्या. पहिली तक्रार दृश्यपरिणामांविषयी होती. चित्रीकरणासाठी कारागिरांनी हाताने बनवलेले यांत्रिक प्राणी अंतिम चित्रपटात बहुतांशी संगणकीय प्रतिमांखाली झाकले गेले. हे समजल्यावर रसिकांचा रोष इतका झाला की, त्याच कारागिरांनी पुढे लोकवर्गणीच्या मदतीने 'हार्बिंजर डाउन' (२०१५) हा वेगळा चित्रपट काढला. दुसरी तक्रार अधिक मूलभूत होती. सर्व अवशेषांचा हिशोब लागला, परंतु त्यातून नवीन काही कळले नाही. जळलेल्या तळाकडे पाहताना वाटलेली भीती ही न कळण्यातून आलेली होती. कुऱ्हाडीचा उलगडा झाला आणि ती केवळ एक कुऱ्हाड उरली.

'प्रोमिथियस' : उत्तराची निराशा

रिडली स्कॉट यांच्या 'एलियन' (१९७९) मध्ये 'नोस्ट्रोमो' या मालवाहू यानातील सात जणांना एका ओसाड ग्रहावर कोसळलेले परके यान सापडते. त्यात एका प्रचंड आसनावर बसलेला, जणू आसनाशीच एकरूप झालेला अश्मीभूत महाकाय देह असतो. त्याच्या बरगड्या आतून बाहेर फुटलेल्या असतात. स्विस चित्रकार एच. आर. गिगर यांच्या कल्पनेतून साकारलेले हे दृश्य थोडाच वेळ पडद्यावर राहते. तो देह कोणाचा, तो कोठून आला, याबद्दल चित्रपट मौन बाळगतो. पुढे तेहेतीस वर्षे प्रेक्षकांनी त्या मौनाभोवती तर्कवितर्कांचे एक विश्व रचले.

जून २०१२ मध्ये आलेल्या 'प्रोमिथियस'ने हे मौन मोडले. जॉन स्पेट्स आणि डेमन लिंडेलॉफ यांच्या पटकथेत स्कॉटलंडच्या स्काय बेटावरील प्राचीन गुहाचित्रांपासून शोध सुरू होतो आणि मानवाला घडवणाऱ्या 'अभियंत्यां'पर्यंत जातो. परग्रहवासीयांनी प्राचीन मानवाला घडवले ही कल्पना एरिक फॉन डॅनिकेन यांच्या १९६८ मधील ग्रंथापासून जगभर पसरली होती आणि मराठी वाचकही तिच्याशी परिचित होता. चित्रपटाने जगभरात सुमारे ४० कोटी डॉलर मिळवले, म्हणजे व्यावसायिक अर्थाने तो फसला नाही. दृश्यरचनेचे आणि यंत्रमानव डेव्हिडच्या भूमिकेतील मायकेल फासबेंडर यांच्या अभिनयाचे कौतुकही झाले. परंतु 'एलियन'वर प्रेम करणाऱ्या प्रेक्षकांत नाराजी तीव्र होती आणि आजही तिचे पडसाद उमटतात.

या नाराजीचे तीन घटक दिसतात. पहिला घटक म्हणजे रहस्याचा संकोच. आसनावरील तो अगम्य देह हा मुळात एक पोशाख असून आत माणसासारखाच गोरा, उंच जीव आहे, असे पूर्वकथेने सांगितले. विश्व अफाट आणि परके आहे, या जाणिवेच्या जागी विश्व आपल्याच नात्यातले आहे, अशी जाणीव आली. दुसरा घटक म्हणजे अर्धवट उत्तरे. अभियंत्यांनी माणूस का घडवला आणि मग त्याचा नाश का करू पाहिला, हा मोठा प्रश्न उपस्थित करून चित्रपट तो पुढच्या भागावर ढकलतो. 'एलियन: कव्हनन्ट' (२०१७) मध्ये ते उत्तर देण्याऐवजी नायिका एलिझाबेथ शॉ हिचा मृत्यू पडद्यामागेच उरकला गेला. हा चित्रपट 'प्रोमिथियस'च्या मानाने बराच कमी चालला.

तिसरा घटक सर्वांत बोलका आहे. या चित्रपटातील शास्त्रज्ञ मूर्खासारखे वागतात, ही तक्रार प्रेक्षक पुन्हा पुन्हा करताना आढळतात. अज्ञात ग्रहावर शिरस्त्राण काढणे, नकाशा तयार करणाऱ्यानेच वाट चुकणे, सापासारख्या अनोळखी जीवाला जीवशास्त्रज्ञाने कुरवाळू पाहणे, गडगडत येणाऱ्या यानाच्या रेषेतच पळत राहणे, ही उदाहरणे सर्वश्रुत आहेत. वरवर पाहता ही पटकथेतील ढिलाईची तक्रार आहे. परंतु तिचा अर्थ त्यापेक्षा खोल आहे. ही माणसे स्वतःच्या बुद्धीने वागत नसून, ठरलेल्या शेवटापर्यंत कथा पोहोचावी म्हणून वागत आहेत, हे प्रेक्षकाला जाणवले. लेखकाला भविष्य ठाऊक होते आणि त्या भविष्याच्या सोयीसाठी त्याने भूतकाळातील माणसांची अक्कल काढून घेतली.

'रात्रीस खेळ चाले' : मराठी अनुभव

मराठीत भय आणि विज्ञान यांचे नाते जुने आहे. नारायण धारप (१९२५-२००८) यांनी भयकथा आणि विज्ञानकथा दोन्ही विपुल लिहिल्या. जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांची 'कृष्णविवर' ही कथा १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली आली. मात्र विज्ञान-भयपटाची पूर्वकथा या जातीचे ठळक उदाहरण मराठी पडद्यावर नाही. त्याला सर्वांत जवळचा मराठी अनुभव झी मराठी वाहिनीवरील भयमालिकेचा आहे.

'रात्रीस खेळ चाले' ही मालिका फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाली. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आकेरी येथील वाड्यात तिचे चित्रीकरण झाले. अण्णा नाईक यांच्या मृत्यूनंतर वाड्यात जमलेले कुटुंब आणि त्यानंतर घडणाऱ्या अनाकलनीय घटना हा तिचा विषय होता. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची ऑगस्ट २०१३ मध्ये हत्या झाली होती आणि त्याच वर्षाच्या अखेरीस राज्याचा जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला होता. या पार्श्वभूमीवर मालिका अंधश्रद्धेला खतपाणी घालते आणि कोकणाची बदनामी करते, असे आक्षेप घेतले गेले. प्रेक्षकवर्ग मात्र वाढत गेला. ऑक्टोबर २०१६ मध्ये पहिले पर्व संपले, तेव्हा त्याच्या शेवटाविषयी प्रेक्षकांत नाराजीचा सूर उमटला. महिनोन्महिने ताणलेल्या रहस्याच्या तुलनेत त्याची उकल तोकडी वाटली. म्हणजे येथेही उत्तर हेच निराशेचे कारण ठरले.

जानेवारी २०१९ मध्ये आलेले दुसरे पर्व ही पूर्वकथा होती. पहिल्या पर्वात ज्यांचा केवळ उल्लेख आणि दरारा होता ते अण्णा येथे जिवंत अवतरले. माधव अभ्यंकर यांनी साकारलेले अण्णा आणि अपूर्वा नेमळेकर यांनी साकारलेली शेवंता ही पात्रे अल्पावधीत घराघरांत पोहोचली. ऑगस्ट २०२० पर्यंत, मध्यंतरीच्या टाळेबंदीतील खंड वगळता, हे पर्व चालले. अण्णा मरणार आहेत, वाडा शापित होणार आहे, हे प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक होते. ही मालिका मालवणी वळणाच्या भाषेत होती. वऱ्हाडी बोलणाऱ्या मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावातील प्रेक्षकाला कोकणातील वाडा, नारळी-पोफळीची बाग आणि ती बोली दूरची होती. तरीही ती परकी वाटली नाही.

या यशाचे कारण पूर्वकथेने निवडलेल्या प्रश्नात आहे. वाड्यात भूत कोठून आले, या प्रश्नावर दुसरे पर्व रेंगाळले नाही. जमीन, पैसा आणि गावावरील वचक हाती असलेला एक पुरुष कसा वागतो, त्याची पत्नी माई हे सारे का सोसते, शेवंता त्याच्या जवळ का येते आणि त्या जवळिकीची किंमत कोण मोजते, हे प्रश्न तिने विचारले. भुताचा उगम सांगण्याऐवजी तिने माणसाचे चरित्र सांगितले. वाड्यावर पडणारी सावली कोणत्या अन्यायाची आहे, हे प्रेक्षकाला त्यातून उमगत गेले. जय-विजयाच्या कथेशी ही रीत जुळते. पूर्वकथेने रहस्य सोडवले नाही, त्याला नैतिक अर्थ दिला. मार्च २०२१ मध्ये आलेल्या तिसऱ्या पर्वात अण्णा आणि शेवंता पुन्हा पिशाच्चरूपाने आले. त्याला दुसऱ्या पर्वासारखा दबदबा लाभला नाही, कारण विचारण्यासारखा नवा मानवी प्रश्न त्यात फारसा उरला नव्हता.

प्रेक्षकांची नाराजी : एक ऐतिहासिक साधन

प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया साधन म्हणून वापरताना काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. तिकीटविक्री आणि समाधान या भिन्न गोष्टी आहेत, हे 'प्रोमिथियस'ने दाखवले. जो मोठ्याने बोलतो तोच नोंदीत येतो. निमूटपणे समाधान मानणारा प्रेक्षक कागदोपत्री सापडत नाही. शिवाय प्रतिक्रिया कालसापेक्ष असते. कारपेंटर यांचा मूळ 'द थिंग' हे याचे उत्तम उदाहरण होय. तो २५ जून १९८२ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा 'ई. टी.' या प्रेमळ परग्रहवासीयाच्या चित्रपटाने लोकांची मने जिंकलेली होती. त्या वातावरणात कारपेंटर यांच्या चित्रपटावर कठोर टीका झाली आणि व्यवसायही बेताचाच झाला. तोच आज भयपटांतील मानदंड समजला जातो आणि २०११ च्या पूर्वकथेची निर्भर्त्सना त्याच्याशी तुलना करूनच झाली. तेव्हा एका पिढीची नाराजी हा अंतिम न्यायनिवाडा नव्हे, तो त्या पिढीच्या क्षितिजाचा पुरावा असतो.

इतिहासलेखनासाठी बोध

पूर्वकथाकार आणि इतिहासकार यांची स्थिती एका बाबतीत सारखी आहे. दोघांनाही शेवट ठाऊक असतो आणि दोघेही मागे जाऊन कारणे शोधतात. फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉक यांना नाझींनी १९४४ मध्ये ठार केले. इतिहासलेखनावरील त्यांचा अपूर्ण ग्रंथ १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी उगमाच्या मोहाविषयी इशारा दिला आहे. एखाद्या गोष्टीचा उगम सापडला म्हणजे तिचे स्पष्टीकरण झाले, असे समजणे ही चूक आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. 'प्रोमिथियस' याच मोहाला बळी पडला.

शेवट माहीत असल्याने भूतकाळातील माणसे मूर्ख ठरवली जाणे, ही दुसरी चूक मराठी इतिहासाला चांगलीच परिचित आहे. पानिपतच्या १७६१ मधील युद्धाकडे दीर्घकाळ १४ जानेवारीच्या संध्याकाळवरून मागे वळून पाहिले गेले. सैन्याबरोबरचे यात्रेकरू, लवकर न मिळालेली रसद, यमुनेच्या पुराने झालेली अडचण, सल्ला डावलणे ही सारी त्या शेवटाकडे नेणारी पावले ठरली आणि सदाशिवरावभाऊ हट्टी व अविचारी ठरले. तथापि ऑगस्ट १७६० मध्ये दिल्ली आणि ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा हाती आले, तेव्हा मराठी छावणीतील कोणालाही पराभव अटळ वाटण्याचे कारण नव्हते. त्र्यंबक शंकर शेजवलकर यांनी 'पानिपत : १७६१' या ग्रंथात भाऊंच्या निर्णयांचा विचार त्या काळाच्या राजकारणातून केला. विश्वास पाटील यांच्या 'पानिपत' (१९८८) या कादंबरीने भाऊंची वेगळी प्रतिमा सामान्य वाचकापर्यंत नेली. चित्रपटातील शास्त्रज्ञाची अक्कल पटकथाकाराने काढून घेतली, अशी तक्रार करणारा प्रेक्षक आणि भाऊंची बाजू समजून घेऊ पाहणारा वाचक यांची मागणी एकच आहे. भूतकाळातील माणसाला त्याचे भविष्य ठाऊक नव्हते, हे विसरू नये, एवढेच ते मागतात.

स्थानिक इतिहासाच्या लेखनात हा प्रश्न अधिक निकटचा आहे. गावाच्या नावाची व्युत्पत्ती सापडली की गावाचा इतिहास लिहून झाला, असा समज अनेक पुस्तिकांत आढळतो. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, हे प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. विंध्यशक्ती द्वितीय याचा वाशीम ताम्रपट आणि वा. वि. मिराशी यांचे वाकाटकांवरील संशोधन यांमुळे या भूतकाळाला भक्कम आधारही आहे. परंतु ताम्रपटाने दान देणारे आणि घेणारे लोक १९९८ मध्ये स्थापन होणाऱ्या जिल्ह्याची प्रस्तावना लिहीत नव्हते. जमीन, करमाफी, ब्राह्मण-वस्ती, शेतकरी यांचे त्यांचे स्वतःचे प्रश्न होते. त्या प्रश्नांविना वत्सगुल्म हे नाव म्हणजे उलगडा झालेली कुऱ्हाडच होय.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. शेवट माहीत असणे हे पूर्वकथेच्या अपयशाचे कारण नाही. आख्यानपरंपरा आणि 'रात्रीस खेळ चाले'चे दुसरे पर्व याची साक्ष देतात.

२. मूळ कलाकृतीने जाणीवपूर्वक मोकळा ठेवलेला प्रश्न पूर्वकथा बंद करते, तेव्हा अपेक्षाभंग होतो. ती नवा मानवी प्रश्न उघडते, तेव्हा प्रेक्षक तिला स्वीकारतो.

३. पुराव्याशी निष्ठा आवश्यक असली तरी पुरेशी नाही. अवशेषांचा हिशोब लागणे आणि भूतकाळ समजणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

४. पात्रांच्या मूर्खपणाविषयीची प्रेक्षकांची तक्रार ही वस्तुतः पश्चातबुद्धीविरुद्धची तक्रार आहे आणि ती इतिहासलेखनालाही लागू पडते.

विद्यार्थी आज मोबाइलवर परदेशी भयपट पाहतो आणि त्याबद्दल दुसऱ्या दिवशी मित्रांशी हुज्जत घालतो. या हुज्जतीत कारणमीमांसा, पुरावा, पात्राचे स्वातंत्र्य यांची जाण असते, केवळ तिला शास्त्रीय परिभाषा नसते. इतिहासाच्या वर्गात पानिपत शिकवताना या जाणिवेला आवाहन करता येईल. ज्या प्रेक्षकाला पडद्यावरील माणसाची फसवणूक खटकते, त्याला पाठ्यपुस्तकातील माणसाची फसवणूकही खटकू शकते.